रोजच्या १८ किलोमीटरसाठी कोणती इलेक्ट्रिक युनिसायकल घ्यावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पॅरिसच्या पूर्वेला मोंत्रयच्या उंचावरच्या भागात घर, ऑपेराजवळ ऑफिस, एका बाजूचं अंतर ९ किलोमीटर. वजन ८२ किलो, शिवाय पाठीवर लॅपटॉपची बॅग. घर दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. मित्राच्या इनमोशन व्ही८एफवर चालवायला शिकून झालं आहे, पण पंधरा मिनिटांत तळवे जळायला लागतात. वाटेत दगडी फरसबंदीचे पट्टे लागतात, आणि रविवारी व्हॅन्सेनच्या वनातल्या मातीच्या वाटांवर फिरायची इच्छा आहे. वेगाची हौस नाही. इनमोशन व्ही८एफ, किंगसाँग १६एक्स, इनमोशन व्ही११ आणि किंगसाँग एस२२ यांतली कोणती घ्यावी?

माझं उत्तर: व्ही११. सत्तावीस किलोचं चाक रोज दोन मजले चढवणं झेपणार नसेल, तर व्ही८एफचीच मोठ्या बॅटरीची बहीण व्ही८एस घ्या आणि ऑफिसात दुसरा चार्जर ठेवा. आता कारणं.

सगळ्यात आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण निवडीतली निम्मी गणितं त्यावर उभी आहेत. युनिसायकल म्हणजे एकच चाक, त्याच्या दोन बाजूंच्या पायपट्ट्यांवर, म्हणजे पेडलांवर, उभं राहून चालवायचं. त्यात एकच मोटर दोन कामं करते. ती तुम्हाला पुढे नेते आणि तीच तुम्हाला पुढे-मागे पडू देत नाही. तुम्ही पुढे झुकलात की आतले सेन्सर झुकाव मोजतात आणि मोटर चाक तुमच्या खाली आणून ठेवते. डावी-उजवीकडचा तोल सायकलसारखा तुम्हीच सांभाळायचा. म्हणजे मोटरची ताकद ज्या क्षणी संपते त्याच क्षणी तोलही जातो, आणि तुम्ही तोंडावर पडता. याला चालवणारे ‘कटआउट’ म्हणतात.

ताकद संपते कशी? मोटर जितकी वेगात फिरते तितका तिचा स्वतःचा उलटा दाब, म्हणजे उलट व्होल्टेज, वाढतो. बॅटरीचं व्होल्टेज वजा हे उलट व्होल्टेज, जे उरेल तेवढ्यावरच तुम्हाला सावरायची ताकद मिळते. त्यामुळे वेग वाढला की हातचं कमी होतं, आणि बॅटरी उतरली की आणखी कमी होतं. ८४ व्होल्टच्या चाकात २० सेल एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्ट, एकूण ८४. बॅटरी वीस टक्क्यांवर आली की सेल साधारण ३.४ वर येतो, एकूण ६८. म्हणजे जवळजवळ एक पंचमांश दाब गेला. त्यावर चढ, समोरचा वारा, पाठीवरची बॅग आणि अचानक आलेला खड्डा या सगळ्यांची मागणी एकदम येते. चाक आधी बीप करतं, मग पेडलं पुढून वर उचलून तुम्हाला मागे ढकलतं. त्या उचललेल्या पेडलांवर जोर देऊन पुढे झुकणं हा पडण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

तुमचा रस्ता या हिशोबाने उलटा आहे. सकाळी घरून निघाल्यावर पहिला उतार, तेव्हा बॅटरी भरलेली. संध्याकाळी शेवटचा चढ, तेव्हा बॅटरी सगळ्यात रिकामी. दोन्ही वेळा चाकाला जे नको तेच वाट्याला येतं. उतारावर ब्रेक लावताना मोटर वीज परत बॅटरीत ढकलते. बॅटरी आधीच शंभर टक्के असेल तर ती वीज घेणार कुठे? व्होल्टेज मर्यादेबाहेर जातं, चाक बोंब मारतं, आणि ऐकलं नाहीत तर बंदही पडू शकतं. म्हणून चाक कुठलंही घेतलंत तरी रोज ९० टक्क्यांपर्यंतच भरा.

आता बॅटरीचं गणित. पाठपिशवी, हेल्मेट धरून तुम्ही ९० किलो. ताशी २५ किलोमीटरने, सिग्नलला थांबत-निघत, थोडा चढ धरून एका किलोमीटरला १८ ते २० वॉट-अवर (बॅटरीतल्या विजेचं माप) लागतात. येऊन-जाऊन १८ किलोमीटरचे झाले ३६०. वरचे १० टक्के आपण मोकळे सोडले, खालच्या २५ टक्क्यांना हात लावायचा नाही. हाताशी उरले ६५ टक्के. ३६० ला ६५ टक्क्यांनी भागलं की ५५० च्या वर येतं. पॅरिसच्या हिवाळ्यात बॅटरी आखडते, आणि दोन-तीन वर्षांत तिची क्षमताही घटते; त्याची भर टाकली की ७०० वॉट-अवर ही तुमची खालची रेषा. व्ही८एफची बॅटरी ५१८ ची. ती इथेच गळाली. व्ही८एस ७२८ ची, म्हणजे रेषेवर उभी. म्हणून तिच्यासोबत ऑफिसातला चार्जर हवाच. व्ही११ साधारण १५०० ची, १६एक्स १५५४ ची, एस२२ तर २२२० ची.

इथे बरेचजण म्हणतात, मी २५ च्या वर जाणारच नाही, मग ५० ने धावणारं चाक कशाला? कमाल वेगासाठी ते घ्यायचं नसतं. ५० ने धावू शकणारं चाक २५ ला असतं तेव्हा त्याच्याकडे निम्म्याहून जास्त ताकद तुम्हाला सावरण्यासाठी राखून असते. ३५ ची मर्यादा असलेलं चाक २५ ला, उतरलेल्या बॅटरीवर, चढाला लागलं की राखीव फार थोडं उरतं. सपाट रस्त्यावर ६० किलोच्या माणसाला तेच चाक उत्तम चालतं. तुम्हाला नाही.

तळवे का जळतात

हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, आणि नवं चाक घेऊन तो आपोआप सुटेल असं समजू नका. शिकाऊ माणूस पायाच्या बोटांनी बूट आतून घट्ट धरून ठेवतो. पेडलावर पकड मिळवायची ती धडपड असते. बोटं आखडली की तळव्याची कमान ताणलेली राहते आणि पंधरा मिनिटांत आग होते. हे पहिल्या शंभरएक किलोमीटरमध्ये बरंचसं कमी होतं. उरलेलं बुटावर आणि पाय ठेवण्याच्या जागेवर आहे.

धावण्याचे मऊ, जाड तळाचे बूट या कामाला वाईट. त्यांचा फोम पेडलाच्या कडेवर दबतो आणि सगळा भार एका पट्टीवर येतो. सपाट, कडक तळाचे स्केटचे बूट किंवा घोट्यावर येणारे हलके हायकिंगचे बूट घ्या. पाय ठेवताना नडगीची रेषा चाकाच्या आसाच्या बरोबर वर यायला हवी; त्यासाठी टाच पेडलाच्या मागच्या कडेच्या जवळ किंवा किंचित बाहेर जाते. पाय फार पुढे ठेवला तर ब्रेक लावताना टाचेला जोर मिळत नाही, फार मागे ठेवला तर वेग घेताना चवडा भाजतो. दोन्ही पाय एकाच रेषेत ठेवायचा अट्टहासही नको. एक पाय अर्धा इंच पुढे असला तर वळणं उलट सोपी जातात.

पेडलाची लांबी स्वतःच्या बुटाशी ताडून पाहा. व्ही८एफची पेडलं लहान आहेत. युरोपी मापात ४४ किंवा त्याहून मोठा बूट असेल तर चवडा आणि टाच दोन्ही बाहेर लटकतात आणि मधल्या कमानीवर भार येतो, जी भार घ्यायला बनलेलीच नाही. व्ही८ मालिकेवर मोठी पेडलं बसवता येतात. व्ही८एसकडे वळलात तर त्याच दिवशी ती मागवा.

पॅडबद्दल. चाकाच्या दोन्ही बाजूंना चिकटवायचे फोमचे किंवा रबराचे पॅड हे दुखण्यावरचं खरं औषध आहे, कारण वेग आणि ब्रेकचा काही भार ते तळव्यावरून नडगीवर आणि पोटरीवर घेतात. पुढचं पॅड असं लावा की सरळ उभं असताना नडगी आणि पॅडमध्ये एक बोट जागा राहील आणि झुकल्यावरच टेकेल. मागचं पॅड पोटरीच्या खालच्या भागाला लागावं. पहिल्या दिवशी ते वेल्क्रोने लावा, आठवडाभर सरकवून जागा ठरवा, मग पक्कं करा. पाय पॅडांमध्ये अडकवून टाकायची चूक नव्यांनी करू नये. पडायची वेळ आली तर पाय बाजूला सुटला पाहिजे.

ब्रेक लावताना चाक डावी-उजवीकडे थरथरतं, ज्याला ‘वॉबल’ म्हणतात, तेही बहुतेकदा दमलेल्या पायांमुळे होतं. दोन्ही पायांनी सारखं दाबून उभं राहिलं की थरथर वाढते. एका पायावर थोडा जास्त भार घ्या, गुडघे सैल करा आणि हलकं वळण घेत वेग कमी करा, थरथर विरते.

सस्पेन्शन आणि टायर

फरसबंदीवर व्ही११ आणि १६एक्समधला फरक पहिल्या दहा मीटरमध्ये कळतो. १६एक्सला तीन इंच रुंद टायर आहे, तोच तिचा सस्पेन्शन. खडीवर, मातीवर तो छान वागतो. पण दगडी फरसबंदीचे धक्के लहान आणि लागोपाठ असतात, ते थेट गुडघ्यात जातात. शिवाय रुंद टायर रस्त्याच्या उताराकडे आणि डांबरातल्या खाचांकडे ओढला जातो. सायकलच्या लेनच्या कडेला रस्ता जिथे गटाराकडे उतरतो तिथे सतत विरुद्ध बाजूला झुकून चालवावं लागतं. काहींना ते दोन दिवसांत जमतं, काहींना कधीच आवडत नाही. म्हणून १६एक्स न चालवता विकत घेऊ नका.

व्ही११चं सस्पेन्शन हवेवर चालतं, हालचाल ८५ मिलिमीटर. हवा तुमच्या वजनाला लावून घेतली नाही तर मात्र त्याचा उपयोग शून्य. रीत अशी: चाक चालू करून भिंतीला किंवा खांबाला धरा, कोणी तरी जमिनीपासून पेडलाच्या खालच्या कडेपर्यंत मोजून घेईल. मग पूर्ण सामानासह दोन्ही पायांवर उभे राहा, दोनदा गुडघे वाकवून बसू द्या, पुन्हा मोजा. फरक २० ते २२ मिलिमीटर यावा, म्हणजे हालचालीच्या पावभर. जास्त आला तर हवा भरा, कमी आला तर सोडा. दोन्ही बाजूंना दाब सारखा ठेवायचा, नाहीतर हालचाल अडकत अडकत होते. यासाठी सायकलच्या शॉकचा उच्च दाबाचा पंप लागतो, टायरचा पंप चालत नाही. हवा दर दोन-तीन आठवड्यांनी तपासा.

टायरमध्ये हवा ३५ पीएसआयपासून सुरू करा आणि दोन-दोनने खालीवर करून बघा. टायरच्या कडेवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडायची नाही. हवा जास्त असली तर चाक चपळ पण चंचल होतं, ओल्या रस्त्यावर घसरतं. कमी असली तर वळताना जड वाटतं आणि फुटपाथच्या कडेवर आपटून ट्यूब चिमटते, रिमही वाकते. या चाकांचं पंक्चर काढणं म्हणजे बाजूची आवरणं, पेडलं, वायरी सगळं सोडवणं. पहिल्यांदा करणाऱ्याची अख्खी दुपार जाते. म्हणून नव्या ट्यूबमध्ये आधीच १२० मिलिलिटर सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, घालून ठेवा. व्हॉल्व्हपर्यंत पंपाचं तोंड पोहोचत नाही, तेव्हा काटकोनातली जोडनळी बॅगेत हवी.

गाठी-गाठींचा ऑफरोड टायर रविवारसाठी म्हणून घ्यायचा मोह टाळा. आठवड्यातले पाच दिवस तुम्ही डांबरावर असता आणि तो टायर वळताना पायरीपायरीने पडतो. व्हॅन्सेनच्या वाटा कोरड्या असताना रस्त्याच्या टायरला पुरेशा आहेत.

जिना, आणि एस२२ का नाही

व्ही११ २७ किलो, १६एक्स २४ च्या आसपास, एस२२ पस्तीसच्या घरात, व्ही८एस सोळा. पॅरिसच्या जुन्या इमारतींचा गोल, अरुंद जिना एका हाताने कठडा धरून चढायचा आहे, तोही दिवसाच्या शेवटी. पोत्यात २७ किलो भरून एकदा वर नेऊन बघा. हे खरेदीआधी करायचं काम आहे. जमिनीवर मात्र वजन फारसं आड येत नाही, कारण ओढायचा दांडा असतो आणि चाक चालू ठेवून ढकलत नेता येतं. व्ही११ला उभं करायचं स्टँडही आहे, ते लिफ्टमध्ये, दुकानात फार कामाला येतं.

एस२२ चांगलं चाक आहे, १२६ व्होल्टचं, मोठ्या टायरचं, डोंगरवाटांवर मजबूत. तुम्ही त्याचं जे काही वापरणार त्यातलं बहुतेक व्ही११ देते, आणि जे नाही देत त्यासाठी तुम्ही रोज आठ किलो जास्त उचलणार. त्याच्या सस्पेन्शनच्या सरकपट्ट्यांत धूळ-चिखल बसतो, त्या वरचेवर पुसून वंगण लावावं लागतं. व्हेटरन शर्मनसारखी ३२०० वॉट-अवरची किंवा १५१ व्होल्टच्या लिंक्ससारखी चाकं लांब पल्ल्याच्या, जड शरीराच्या किंवा वेगवान स्वारांसाठी आहेत. ज्यांचा जिना नाही आणि ज्यांना एका दमात ८० किलोमीटर जायचं आहे त्यांनी ती जरूर बघावीत. बसून चालवायची आवड असेल तरी उंच, मोठ्या व्यासाचं चाक बरं. सोळा इंचीवर गुडघे हनुवटीशी येतात. उलट ज्याला चौकात, गर्दीत, नागमोडी फिरायला आवडतं त्याला १४ किंवा १६ इंचच मजा देतं. मोठं चाक सरळ जायला स्थिर आणि वळायला सावकाश. व्ही११चं अठरा इंची चाक या दोन्हींच्या मध्ये बसतं.

एकाच मॉडेलची ‘हाय टॉर्क’ (ओढ जास्त) आणि ‘हाय स्पीड’ (वेग जास्त) अशी दोन रूपं दिसली, जशी बिगोडीच्या आरएसमध्ये होती, तर ८० किलोच्या वर वजन आणि रोजचा चढ असणाऱ्याने डोळे झाकून हाय टॉर्क घ्यावं.

कायदा

फ्रान्समध्ये २०१९ पासून या चाकांना रहदारीच्या नियमांत जागा आहे. वेग २५, सायकलची लेन असेल तिथे लेनमधूनच, फुटपाथवर बंदी, कानात इअरफोन चालत नाही, आणि तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा सक्तीचा. कमाल वेग २५ ला न बांधलेलं चाक रस्त्यावर आणलं तर दंड १५०० युरोपर्यंत जातो. दुकानदाराकडून चाक २५ ला बांधून घ्या, तसं लेखी घ्या, आणि विमा काढताना नेमकं मॉडेल नोंदवा. अपघात झाला तर पहिला प्रश्न तोच येतो.

जर्मनीत चित्र वेगळं आहे. तिथल्या २०१९ च्या नियमात धरायचा दांडा आवश्यक केला, त्यामुळे युनिसायकल रस्त्याबाहेर राहिली. ब्रिटनमध्येही ती खासगी जागेतच चालते, आणि लंडनच्या ट्यूब या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये २०२१ च्या डिसेंबरपासून नेताच येत नाही. सुट्टीत सोबत न्यायचा विचार असेल तर हे लक्षात ठेवा.

पुण्या-मुंबईहूनही विचारणा होते म्हणून सांगतो. भारतात नोंदणी आणि परवान्यातून सूट मिळायला मोटर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ च्या आत, आणि ते पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्य चाचणी संस्थेने प्रमाणित केलेलं लागतं. माणसाला नीट सांभाळणारी कुठलीही युनिसायकल २५० वॉटमध्ये बसत नाही. तेव्हा तिथे ती सोसायटीच्या, कॉलेजच्या, कंपनीच्या आवारात परवानगीने चालवायची चीज आहे. आणि पॅरिसहून येताना विमानातून आणता येईल असं धरून चालू नका: प्रवासी विमानात १६० वॉट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी सामानातही चालत नाही आणि हातातही नाही.

वापरलेलं चाक घेताना

व्ही११ २०२० पासून बाजारात आहे, त्यामुळे वापरलेली बरीच मिळते. विकणाऱ्याला आदल्या रात्री पूर्ण चार्ज करून चार्जर काढून ठेवायला सांगा. सकाळी अ‍ॅपमध्ये व्होल्टेज ८३ च्या वर दिसायला हवं. रात्रभरात एक व्होल्टहून जास्त उतरलं असेल तर सेलचा एखादा गट कमकुवत आहे, चाक सोडून द्या. मग बंद चाक आडवं धरून हाताने फिरवा: खरखर आली तर बेअरिंगमध्ये पाणी गेलेलं आहे. रिमची कड बोटाने चाचपा, पोचा लगेच हाताला लागतो. सस्पेन्शन दाबून सोडा, दोन्ही बाजू एकदम परत यायला हव्यात. चार्जिंगच्या तोंडाशी हिरवट गंज असेल तर आवरण उघडल्याशिवाय व्यवहार करू नका.

शेवटी चार्जर. या चाकांचं गोल धातूचं चार्जिंग कनेक्टर अनेक कंपन्यांत सारखंच दिसतं, पण आतलं व्होल्टेज ८४, १००, १२६ असं वेगळं असतं आणि पिनांची जोडणीही बदलते. मित्राच्या चाकाचा चार्जर बसतो म्हणून लावला की बॅटरी जाते, आग लागू शकते. चार्जरवरचा आकडा वाचा, त्यावर रंगीत टेप लावून चाकावर तशीच टेप लावा. गार रस्त्यावरून आल्यावर चाक तासभर घरातल्या उबेला येऊ द्या आणि मग चार्ज करा. महिन्यातून एकदा, ज्या दिवशी बाहेर जायचं नाही त्या दिवशी, शंभर टक्के भरून हिरवा दिवा लागल्यावरही दोन तास तसंच राहू द्या, म्हणजे सगळे सेल एका पातळीवर येतात. जागा मात्र जिन्याच्या तोंडाशी किंवा घराच्या एकमेव दारापाशी नको.